एकसष्ट किलो चारशे

काटेवाला : काटा स्वतःहून खोटं बोलत नाही, मॅडम. कुणीतरी त्याला शिकवलंय.

बायको : म्हणजे?

काटेवाला : म्हणजे रिकामा असला की शून्य दाखवतो, गुणी बाळासारखा. पन्नास किलोचं माप ठेवलं की साडेबावन्न. शंभरामागे पाच आपल्या मनाचे. असं आपोआप होत नाही. पासवर्ड टाकून, आत शिरून मुद्दाम केलेलं काम आहे हे.

जुळारी : कधी केलं तेही कळतं का?

काटेवाला : कळतं की. आत तारीख पडते. हे बघा, गेल्या महिन्याची अठरा. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

जुळारी : अठरा. त्या दुपारी आमच्या बाईसाहेबांना जेवायलाही फुरसत नव्हती.

बायको : तू यांना कधी बोलावलंस?

जुळारी : काल. पिठाची बंद पिशवी हातात घेतली, पाच किलो. काट्यावर ठेवली, सव्वापाच. माझा हात आणि तुमचा काटा, दोघांतलं कुणीतरी लबाड होतं. हाताला मी जन्मापासून ओळखतो.

काटेवाला : हात भारीच आहे तुमचा. धंदा काय म्हणायचा?

जुळारी : छापखान्यात जुळारी होतो. शिशाचे खिळे असतात ना अक्षरांचे, ते एकेक वेचून ओळी जुळवायच्या.

काटेवाला : खिळे? अजून आहेत कुठे?

जुळारी : मी होतो तिथे होते.

काटेवाला : असतील बुवा. पण मॅडम, तुमची कमाल आहे. स्वतःला बारीक दाखवायला काटा फिरवणाऱ्या बायका मला रोज भेटतात. नवऱ्याला जाड दाखवायला फिरवणारी पहिलीच. नीट करून देऊ?

बायको : नको. मी करीन.

काटेवाला : करा. मग सील मारत नाही मी. भांडण मिटलं की फोन करा. आणि जाता जाता सांगतो, रागावू नका, यांना खायला घाला हो. गळ्याची हाडं इथून मोजता येतायत.

(काटेवाला जातो. प्रयोगशाळेचं दार लागतं.)

जुळारी : अकराला दहा कमी. अकरा वीसला काळाचं दार उघडणार. अर्धा तास आहे तुमच्याकडे, बाईसाहेब. बोला.

बायको : 'तुम्ही'वर आलास.

जुळारी : परक्यांशी मी असाच बोलतो.

बायको : दीड वर्ष एका घरात राहून मी परकी?

जुळारी : दीड वर्ष एका घरात राहून माझ्या पाठीमागे काटा फिरवणारी. आता तुम्हीच शब्द सुचवा. मुद्रितं तपासायची सवय तुम्हाला आहे.

बायको : तुला वाचवायला केलं ते.

जुळारी : उपाशी मारून? महिनाभर रात्रीचं नुसतं गरम पाणी प्यायलो. मी पट्ट्याला नवं भोक पाडत होतो आणि तुम्ही शेजारी बसून मान हलवत होतात, 'अजून तीन किलो आहेत, नाही जमायचं रे तुला.'

बायको : मला वाटलं, चौथ्या दिवशी मुकाट ताटावर बसशील.

जुळारी : नाही बसलो. आज सकाळी काट्यानं एकसष्ट किलो चारशे दाखवले. बरोबर माझं ठरलेलं वजन. तुम्ही शाबासकीसुद्धा दिलीत. आता सांगा, हा काटेवाला आला नसता तर अकरा वीसला काय झालं असतं?

बायको : काही नाही.

जुळारी : काही नाही म्हणजे?

बायको : काही झालं नसतं. इथून जेवढं जाईल तेवढंच तिथून यायला हवं, त्याशिवाय दोन काळ एकमेकांना हात लावू देत नाहीत. तिथे तुझ्या जागी एकसष्ट किलो चारशे ग्रॅम शिसं पडलंय. तू खरा भरतोस अठ्ठावन्न किलो चारशे ऐंशी. दहा-वीस ग्रॅम मी ओढून-ताणून बसवते, तीन किलो नाही बसवता येत. तू चौथऱ्यावर उभा राहिला असतास, मी बटण दाबलं असतं, लाल दिवा लागला असता. नऊ मिनिटं संपली असती आणि हे दोन काळ पुन्हा कधीच समोरासमोर आले नसते.

जुळारी : मग तुम्ही डोळ्यांना पदर लावून म्हणाला असतात, 'गणित चुकलं रे माझं.'

बायको : म्हणाले असते. आणि तू जिवंत असतास. शिव्या देत, पण जिवंत.

जुळारी : आणि अक्का?

बायको : अक्का एकशे साठ वर्षांपूर्वी गेल्या.

जुळारी : हे तुम्ही म्हणताय? नऊ मिनिटं तिकडची आणि नऊ मिनिटं इकडची एकच असतात, हे जेवणाच्या टेबलावर दोन वाट्या मांडून मला कुणी शिकवलं? इकडे दीड वर्ष सरलं, तरी तिकडे अजून मला उचललंत तोच दिवस आहे. अकरा वीसला माझी बहीण धुरात मागच्या दाराशी उभी असेल. पुढच्या दाराला शिपायांनी बाहेरून कडी घातलेली. आणि मागच्या दाराची चावी इथे, माझ्या कमरेला. बघा. बघा ना! दीड वर्ष एका गादीवर झोपलात, कधी टोचली नाही?

बायको : ओरडू नकोस.

जुळारी : तुम्ही मला आणलंत तेव्हा माझं वजन केलंत. कपडे, चपला, खिशातला चिमटा, सगळं धरून. ही चावी नाही दिसली?

बायको : दिसली. मोजली. एकशे चाळीस ग्रॅम.

जुळारी : कशाची, ते विचारलं नाहीत.

बायको : मी चावी म्हणून मोजलीच नाही. एकशे चाळीस ग्रॅम लोखंड म्हणून मोजली.

जुळारी : हे मात्र खरं बोललात. मलाही तसंच मोजलंत. एकसष्ट किलो चारशे नवरा.

बायको : तसं मोजलं असतं तर तीन महिने तुझ्या छापखान्यात मुद्रितं तपासत डोळे फोडत बसले नसते. दोन आठवड्यांच्या अभ्यासाला गेले होते मी. नोंदी तपासायच्या आणि परत यायचं. तू खिडकीपाशी माझ्यासाठी स्टूल सरकवलंस आणि माझा अभ्यास तिथेच बसला.

जुळारी : स्टूल सगळ्यांसाठीच सरकवत होतो.

बायको : खोटं. मालकांनाही उभं ठेवायचास.

जुळारी : बरं, ठेवायचो. म्हणून मला न विचारता उचलायचं?

बायको : विचारलं होतं. 'नेशील तिथे येईन' म्हणालास.

जुळारी : अहो, ते नदीवर फिरायला जायचं म्हणून म्हणालो होतो! एकशे साठ वर्षं कोण जातं फिरायला?

बायको : त्या दिवसाच्या सरकारी नोंदीत लिहिलं होतं, 'बेकायदा पत्रकं छापणारा छापखाना जाळला. मृत एक, जुळारी.' ते वाचून मी तुझ्यासमोर रोज बसत होते. तू शीळ घालत ओळी जुळवायचास आणि मी दिवस मोजायचे. मी काय करायला हवं होतं? मुद्रित तपासून घरी यायचं?

जुळारी : मला सांगायचं होतं. चावी अक्काकडे देऊन निघालो असतो.

बायको : सांगितलं असतं तर निघाला नसतास.

जुळारी : नसतो निघालो. तो माझा प्रश्न होता. तुम्ही मला आणलंत, दुसऱ्या दिवशी ते पान पुन्हा उघडलंत. तेव्हा काय लिहिलेलं होतं? तोंडानं म्हणा.

बायको : तू वाचलंयस.

जुळारी : ग्रंथालयात, परक्या माणसाच्या शेजारी उभं राहून वाचलंय. तुमच्या तोंडून ऐकायचंय.

बायको : 'मृत एक. जुळाऱ्याची बहीण. मागच्या दाराशी सापडली.'

जुळारी : आणि त्याच संध्याकाळी तुम्ही मला नवे बूट आणलेत.

बायको : मला काय करावं ते सुचत नव्हतं.

जुळारी : म्हणून बूट!

बायको : हो, म्हणून बूट! तुला हसायचं असेल तर हस. ते पान मी सतरा वेळा उघडलं. वाटायचं, एकदा बदललं तसं पुन्हा बदलेल. मला ताप आला होता तेव्हा सहा दिवस अक्कांनी पायाशी बसून काढले. मी कुठली, कोण, एका शब्दानं विचारलं नाही. कागदाची घडी कशी घालायची ते मला त्यांनी शिकवलं. 'नाजूक आहेस पण हट्टी आहेस, टिकशील' म्हणाल्या. तुला वाटतं ते पान मी मजेत लपवलं?

जुळारी : लपवलंत एवढं मला पुरे.

बायको : आणि आज बटण दाबलं नाही तर? ते माझ्याच बोटानं चालतं. तू काट्यावर नाच, चौथऱ्यावर नाच, मी नुसती बसून राहिले तर नऊ मिनिटं जातात.

जुळारी : बसा. मी काही तुमचं बोट धरून दाबायला लावणार नाही. फक्त एक करा. अकरा वीस ते अकरा एकोणतीस माझ्यासमोर बसा. त्या नऊ मिनिटांत तिकडे काय चाललं असेल ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. कुणी उठायचं नाही, कुणी बोलायचं नाही. मग मी हे बूट काढून ठेवीन आणि जाईन.

बायको : कुठे जाशील? या काळात तुला दुसरं कोण ओळखतं?

जुळारी : तो काटेवाला ओळखतो. हात भारी म्हणाला.

बायको : पोचशील तेव्हा आग लागून चार मिनिटं झालेली असतील.

जुळारी : माहीत आहे.

बायको : धूर गुडघ्यापर्यंत उतरलेला असेल.

जुळारी : मला त्या खोलीत डोळे लागत नाहीत. कुठल्या खणात कुठलं अक्षर ते अंधारात सांगतो, दार कुठे आहे ते सांगणार नाही?

बायको : दार आत उघडतं का बाहेर?

जुळारी : कशाला विचारताय?

बायको : आत का बाहेर?

जुळारी : आत. आणि पावसाळ्यापासून खालून अडकतं.

बायको : म्हणजे नुसत्या चावीनं भागणार नाही. हातोडा लागेल. तो कपाटात आहे, अकराशे वीस. आगीचे मास्क दोन, नऊशेचा एक. अठराशे. झाले दोन किलो नऊशे वीस.

जुळारी : बरोबर तेवढंच कमी होतं माझं.

बायको : होतं.

जुळारी : म्हणजे तुम्ही काटा फिरवला नसता तर हातोड्याला जागाच उरली नसती.

बायको : आभार मानू नकोस.

जुळारी : मानत नाहीये. फडकं ओलं करून घेतलं तर? तोंडाला गुंडाळायला?

बायको : पाणी आगीत उडतं, वजन बदलतं. डोकं वापर. परत यायचं असेल तर जेवढा गेलास तेवढाच भरायला हवास. हातोडा तिथे टाकायचा नाही. चावी दारातच ठेवायची नाही.

जुळारी : परत?

बायको : नऊ मिनिटं आहेत. तुझं शिसं इथे माझ्यासमोर पडलेलं असेल. तू तुझ्या जागेवर येऊन उभा राहिलास तर मी ते पुन्हा पाठवून तुला ओढते. आता विचार कर. अक्कांचा मास्क त्यांच्याकडे राहणार. नऊशे गेले. आठ मिनिटांत त्या भट्टीत घाम जाईल, त्याचे शंभर धर. एक किलो कमी पडणार तुला.

जुळारी : मग?

बायको : मग खिळे उचलायचे. तुझ्याच खणातले. एक किलो, हातावर तोलून. तिथे काटा नाही.

जुळारी : एक किलो खिळे मी झोपेत तोलीन.

बायको : झोपेत नको. वीस ग्रॅम चुकलास तर लाल दिवा. मी इथे शिशाच्या ढिगासमोर उभी आणि तू तिथे.

जुळारी : तर पान उघडून बघा. मृत किती, ते कळेल.

बायको : तोंड सांभाळ.

जुळारी : आणि चुकलोच, तर शेजाऱ्यांना सांगा, काटा खोटा होता. अगदीच खोटं नाही ते.

बायको : पन्नासचं माप उचल आणि काट्यावर ठेव. मी आत शिरते.

जुळारी : ठेवलं.

बायको : किती दाखवतोय?

जुळारी : साडेबावन्न.

बायको : आता?

जुळारी : पन्नास. आता आम्हा दोघांचं जमतंय.

बायको : माप खाली घे. हातोडा पट्ट्यात खोच, मास्क गळ्यात घाल. चावी?

जुळारी : आहे.

बायको : दाखव.

जुळारी : ही बघ.

बायको : कशाची आहे?

जुळारी : मागच्या दाराची.

बायको : चढ काट्यावर. बूट राहू देत, ते धरलेत. सरळ उभा राहा.

जुळारी : राहिलोय. अकरा सोळा झाले. किती भरतोय?

बायको : बासष्ट शंभर. सातशे जास्त.

जुळारी : खांद्यावरचा हात काढ.

बायको : दाखवू दे जास्त. अजून चार मिनिटं आहेत.