दहानं काय घोडं मारलं होतं?

नाही, मला एक सांगा, लग्नाच्या बोलणीला माणसाला नेतात ते कशासाठी? बोलायलाच ना? बहीण म्हणाली, "दादा, पोराचे वडील नाहीत, मोठं माणूस म्हणून तू जा, चार शब्द बोल." भाचा आमचा लिफ्ट दुरुस्त करतो, मुलगी दातांच्या दवाखान्यात कामाला, दोघांचं आपापसात केव्हाच जमलेलं, अडलं होतं फक्त तिच्या वडिलांच्या होकारापाशी. मी आपला इस्त्रीचा शर्ट घालून, वाटेत दोनदा घसा साफ करून गेलो... आणि वडील कोण? गणिताचे सर! निवृत्त! म्हणजे शाळेपुरते निवृत्त.

बसलो, चहा आला, मी सुरुवात केली, "सर, आमचा मुलगा..." तर सरांनी भाच्यापुढे कोरा कागदच सरकवला! "एका संख्येची निमपट आणि तिचाच तिसरा हिस्सा मिळून दहा. संख्या काढ. पायऱ्या दाखव." पगार नाही विचारला, घर नाही विचारलं, पायऱ्या दाखव! आता ह्यात माझं काय काम होतं, तुम्हीच सांगा!

जो पोरगा अधांतरी लटकून मोटार खोलतो, तो पेनचं टोपण उलट्या बाजूनं ओढतोय. लिहिलं, संख्या क्ष मानू. सर म्हणाले, "मान." जसे काही उपकारच! मग क्ष छेद दोन अधिक क्ष छेद तीन बरोबर दहा, छेद घालवायला सहानं गुणलं, तीन क्ष अधिक दोन क्ष, पाच क्ष बरोबर दहा, क्ष बरोबर दोन, आणि ठेवलं पेन! मी हुश्श केलं, म्हटलं, "तर सर, आमचा मुलगा..."

"ताळा कर."

दोनाची निमपट एक, आणि तिसरा हिस्सा... अहो, पाऊणसुद्धा नाही! ह्यातून दहा कुठून येणार? सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि अगदी हळू विचारलं, "डावीकडे सहानं गुणलंस. उजवीकडच्या दहानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

तेवढ्यात दारातून मुलगी ओरडली, "बारा! बाबा, बारा! झालं? द्या होकार!"

"उत्तर कोणी विचारलंय?" सर म्हणाले.

मी टेबलाखालून चिमटा काढला, म्हटलं, लिही बारा आणि मोकळा हो! तर हा शहाणा म्हणतो, "नाही मामा, ते तिचं आलं. माझं कुठे आलंय?" आणि दुसरा कागद घेतला! आता ह्यात माझं काय काम होतं?

चहावर साय धरली. हा लिहितोय, खोडतोय, पुन्हा लिहितोय, आणि सर... सर खुर्चीतून सरकत सरकत ह्याच्या शेजारी! "हं... डावीकडे केलंस... आता उजवीकडे... हं!" मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "आई गेल्यापासून बाबा एवढे खूश दिसले नव्हते हो." खोटं कशाला बोलू, मलाही गलबलून आलं. दहाचे साठ झाले, पाच क्ष बरोबर साठ, क्ष बरोबर बारा! ताळा? सहा आणि चार, दहा! सरांनी ह्याच्या पाठीत असा धपका घातला, "होकार आहे माझा!"

मी ताबडतोब उठलो, घसा साफ केला, म्हटलं आता तरी... "तर सर, तारखेचं..."

भाचा म्हणतो, "सर, पण क्ष छेदातच असला तर?"

झालं! सरांचे डोळे चमकले, तिसरा कागद आला, दोघांच्या माना खाली, घरात दुसरं कुणी आहे ह्याचं भान नाही. मुलीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं, "मामा, ह्या दोघांना आज वेळ नाही."

मग काय करता? केली आम्हीच लग्नाची बोलणी. नवरी आणि नवऱ्याचा मामा!