ठगाबाईची पोच

अलिबागच्या स्टँडवर पेणच्या गाडीची रांग. माझ्यापुढे एक आत्या आणि तिची वकिली शिकणारी भाची.

"आत्या, दिलास अर्ज?"

"दिला. म्हटलं, सायेब, माझ्या रेशनकार्डावर ठमाबाईचं ठगाबाई झालंय. आधारशी नाव जुळत न्हाय, म्हणून तांदूळ बंद हाय."

"आणि पोच?"

"त्याला कुठली पोच! म्हातारी बाई समोर उभी, पण बस म्हणाला न्हाय."

"अगं, ती पोच नाही. अर्ज मिळाल्याचा सही-शिक्का! तो नसला तर मुदत कधीपासून मोजायची? आणि मुदत टळल्याशिवाय अपील कशाचं करायचं?"

"ती व्हय! ती घेतली की. देतच नव्हता. मग मी म्हटलं, माझी भाची मोठी वकील हाय, खाली गाडीत बसलीय."

"मी इथे रांगेत होते, आत्या! आणि अजून दुसऱ्या वर्षाला आहे."

"त्याला काय म्हाईत? लगेच शिक्का मारला. ही बघ."

"अगं, यावर लिहिलंय, 'ठगाबाई यांचा अर्ज मिळाला.'"

"मग? बरोबरच लिवलंय की!"