सुशीलाबाईंचा तिसरा ट्रॅक

"जुन्या कॉम्प्युटरवर नवीन सॉफ्टवेअर टाकू का?" असं मला कुणी विचारलं, की मी सुशीलाबाईंच्या रेकॉर्डिंगचं सांगतो. दोन हजार तीन साल असेल. कोल्हापुरात माझा एका खोलीचा स्टुडिओ होता. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं तेव्हा मित्रांत दोन मतं पडली. अनिल म्हणाला, "बिनधास्त टाक." दिलीप म्हणाला, "चालतंय न्हवं? मग हात लावू नको." मी अनिलचं ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी शिरोळहून सुशीलाबाई आल्या. वारलेल्या नवऱ्यानं लिहिलेली सहा भीमगीतं त्यांना कॅसेटवर आणायची होती. सोबत पेटीवाला आणि ढोलकीवाला होते. मी एकेकाला एकटं बसवून त्याचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचो. ढोलकी झाली, पेटी झाली. बाई गायला लागल्या आणि दुसऱ्या ओळीला कॉम्प्युटर अडकला. तीनदा तसंच झालं. नवं सॉफ्टवेअर टाकल्यावर माझ्या मशीनला तिसरा ट्रॅक पेलेना.

मी म्हटलं, "बाई, दोन दिवसांनी याल का? जुनं सॉफ्टवेअर परत टाकतो."

"आज आवाज लागलाय. दोन दिवसांनी लागंल, ह्याचा काय भरवसा?"

मग तिघांना एकाच माइकभोवती बसवलं आणि सगळं एकाच ट्रॅकवर घेतलं. सहाच्या सहा गाणी झाली, कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही.

निघताना मी म्हटलं, "माफ करा, तुम्हाला दाटीवाटीनं गायला लागलं."

"त्यात काय? आमचे हे हुते तवापास्नं असंच गातोय की. मघाशी एकटीला गायला लावलंसा, तेच जड गेलं."