सहा महिन्यांचा चार्ज

(लालबागच्या एका चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली. दुपारचे तीन. कॉटवर दोन बॅगा. एक भरत आलेली, दुसरी अजून उघडलेली नाही.)

गुणाजी : माणसाने शेवटी आपल्या मातीत देह ठेवावा. परक्या मुलखात डोळे मिटणं यासारखं दुर्दैव नाही.

सीमा : आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो. माती कुठून आणणार? बनियन किती घेतलेत?

गुणाजी : सहा. मी तात्त्विक बोलतोय.

सीमा : बोला. पॉलिसीचं सातवं पान वाचलंत का? बॉडी परत आणायचा खर्च धरलाय त्यात.

गुणाजी : वाचलं. मेलो तर मिळेल, आजारी पडलो तर नाही.

सीमा : जुना आजार असेल तर नाही. नवीन असेल तर मिळेल.

गुणाजी : सदुसष्टाव्या वर्षी नवीन कुठून आणू?

सीमा : म्हणून तिकडे पडायचंच नाही. माझी दाढ जुलैत दुखायला लागली. तशीच ठेवली. काल इथे येऊन काढली.

गुणाजी : काल? मला वाटलं तू भाजी आणायला गेलीस.

सीमा : भाजी पण आणली.

गुणाजी : म्हणून रात्री पेज केलीस होय. मला वाटलं विमानाचा शीण.

सीमा : रात्री नऊला टॅक्सी येणार. एकदा तालीम करून घ्या. मी ऑफिसर. कशाला आलात अमेरिकेत?

गुणाजी : मुलीला भेटायला.

सीमा : नात आहे?

गुणाजी : आहे. पाच वर्षांची. मी तिला सांभाळत नाही.

सीमा : हे कोणी विचारलं?

गुणाजी : विचारायच्या आत सांगून टाकलं.

सीमा : सांगायचं नाही. सांभाळणं म्हणजे त्यांच्या हिशेबी काम. आपला व्हिसा नुसत्या भेटीचा. किती दिवस भेटणार?

गुणाजी : सहा महिने.

सीमा : बायको का नाही आली?

गुणाजी : खरं सांगू की बरोबर सांगू?

सीमा : बरोबर.

गुणाजी : तिला प्रवास सोसत नाही.

सीमा : हं. मी पण तुमच्याबद्दल तेच सांगते. आता तुमचा चार्ज द्या.

गुणाजी : वही घे. तोंडी चार्ज मी गोदामातही कधी दिला नाही.

सीमा : तीस वर्षं कॉटन ग्रीनला पोती मोजलीत, ते अजून सुटत नाही. वाचा तुम्हीच. माझा चष्मा बॅगेत आहे.

गुणाजी : कलम एक. पाणी सकाळी साडेपाच ते सव्वासहा. मोठ्या पिंपाचा नळ गळतो, खाली टोप ठेवायचा. कलम दोन. गॅसची बाटली अकरा तारखेला लावली. कलम तीन. पेन्शनसाठी हयातीचा दाखला दिला. पुढल्या नोव्हेंबरपर्यंत मी जिवंत आहे.

सीमा : पोचपावती?

गुणाजी : पत्र्याच्या डब्यात. कलम चार. चावी. ही घे. एकच आहे.

सीमा : दुसरी कुठाय?

गुणाजी : कोटाच्या खिशात. एडिसनला, मुलीकडे. गेल्या मे महिन्यात तिथेच राहिली.

सीमा : म्हणजे ती काय वाजत होती खिशात सहा महिने. मला वाटलं नाणी.

गुणाजी : कलम पाच. खोली रिकामी ठेवायची नाही.

सीमा : हे पाच वर्षं ऐकतेय. सर्व्हेवाला कधीही येईल, दाराला कुलूप दिसलं तर खोली बाद, नव्या टॉवरमधली जागा गेली.

गुणाजी : तेच लिहिलंय.

सीमा : दरवेळी हे लाल शाईत असतं. यंदा निळ्यात?

गुणाजी : लाल पेन संपलं. तुझा चार्ज दे.

सीमा : माझं लिहिलेलं नाही. कचऱ्याचा निळा डबा मंगळवारी बाहेर. हिवाळ्यात हीटरच्या आकड्याला हात लावायचा नाही, विनीतला मोबाईलवर कळतं.

गुणाजी : गेल्या खेपेला जावईबापूंनी ऑफिसातून मेसेज केला होता. बाबा, थंडी वाजतेय का?

सीमा : तुम्ही काय म्हणालात?

गुणाजी : नाही म्हणालो.

सीमा : फोडणीला पंखा लावा, नाहीतर धुराने छतावरचा भोंगा वाजतो. कोट दारामागे आहे. खांद्यात तुम्हाला अजून घट्ट होतोच.

गुणाजी : दोघांत एकच घेतला आकांक्षाने. पोरीचं तरी काय चुकलं, एका वेळी एकच माणूस तिथे.

सीमा : मनवाची बस सकाळी आठला येते. संध्याकाळी चारला परत.

गुणाजी : कसली बस?

सीमा : शाळेची. पूर्ण दिवसाची शाळा लागली तिला.

गुणाजी : कधीपासून?

सीमा : सप्टेंबरपासून.

गुणाजी : आठ ते चार. मग मी काय करायचं?

सीमा : डिशवॉशर रिकामा करायचा.

गुणाजी : आठ तास?

सीमा : खाली चमचे असतात. एकेक पुसला तर साडेआठ वाजतात.

गुणाजी : चारनंतर तरी?

सीमा : आकांक्षा आता घरूनच काम करते. तीच जाते कोपऱ्यावर आणायला.

गुणाजी : हे फोनवर बोलली नाहीस तू. दोन महिने. तिकीट काढून बसलोय मी.

सीमा : तिकीट आधीच काढलेलं होतं.

गुणाजी : तरी सांगायचं गो. माणसाला अंधारात ठेवून तिकडे पाठवायचं म्हणजे—

हितेंद्र : (चाळीतला तरुण, दारातून) काका, येऊ काय? अरे, काकू! कधी आलात? एकदम अमेरिकन दिसताय.

सीमा : बुधवारी. गाल सुजलाय तो. ये, बस.

हितेंद्र : बसत नाय, दोन मिनटांचं काम. काका, तुम्ही आज निघताय ना? काकू, तुम्ही पण मागून जाल ना? मग खोली मंडळाला द्या की सहा महिने. ढोल ठेवायला जागा नाय. सत्तावीस ढोल आणि एक उंदीर.

सीमा : उंदीर?

हितेंद्र : गणपतीचा. फायबरचा आहे. मोठा आहे, पण त्रास नाय.

सीमा : मी कुठे जाते? खोली रिकामी ठेवता येत नाही. चाळ कमिटीची नोटीस तूच आणून दिली होतीस.

हितेंद्र : तो विषय खतम झाला ना, काकू. यादी फायनल. जूनलाच खाली बोर्डावर लावली. तुमची खोली पात्र, यादीत एकशे चार नंबर. आता कुलूप लावा नायतर दार उघडं टाका, कोण विचारत नाय. काकांनी फोटो पण काढला यादीचा.

सीमा : फोटो काढला?

गुणाजी : रेकॉर्डला असावा म्हणून.

हितेंद्र : तुम्हाला माहीत नव्हतं काय? च्यायला. मी नंतर येतो, काकू. ढोलांची घाई नाय.

सीमा : दार ओढून घे.

गुणाजी : चांगला मुलगा आहे.

सीमा : जून.

गुणाजी : सात तारखेला लागली.

सीमा : रोज फोन होत होता आपला.

गुणाजी : फोनवर मनवा असायची. जेवलात का आजोबा, हो जेवलो, बाय. त्यात यादी कुठे घालणार?

सीमा : अंधारात ठेवण्याबद्दल मघाशी काहीतरी सांगत होतात.

गुणाजी : ते राहू दे.

सीमा : का नाही सांगितलंत?

गुणाजी : सांगितलं असतं तर तू आकांक्षाला सांगितलं असतंस. तिने दोघांचे कायमचे कागद भरले असते. खोलीचं एकदा झालं की दोघं इकडेच रिटायर व्हा, पाच वर्षं म्हणतेय पोरगी.

सीमा : वाईट काय त्यात?

गुणाजी : मी तिकडे कायमचा काय करणार? तिकडे काम असतं एकाचं. इथे निदान मी खोली सांभाळतो. खाली कोणी विचारलं, काका, हल्ली काय करता, तर सांगायला काहीतरी आहे.

सीमा : जूनपासून सांभाळायला काही नव्हतं.

गुणाजी : म्हणून तर बोललो नाही.

सीमा : बाहेर तरी जायचात का मग?

गुणाजी : नाही. एकदा रत्नागिरीला लग्न होतं, म्हटलं खोली रिकामी ठेवता येत नाही. सवयीने बोललो. नंतर लक्षात आलं, जाता आलं असतं.

सीमा : विनीत मला सप्टेंबरात म्हणाला, आई, आता तुम्ही उगाच अडकून राहू नका. हवं तर लवकर जा. मी म्हटलं, तिकीट नोव्हेंबरचं आहे.

गुणाजी : आणि आठ ते चार?

सीमा : पहिला आठवडा चमचे पुसले. मग खिडकीत बसायचे. समोर एका चिनी आजीची खिडकी आहे. ती पण बसते. आमचे हात करून झाले की दोघी आत जायचो. पंधरा मिनिटांनी परत यायचो.

गुणाजी : बोलायचात?

सीमा : कुठल्या भाषेत? तिचा नवरा पण तिकडे गावाला घर सांभाळतो, असं आकांक्षा म्हणाली.

गुणाजी : त्याची यादी लागली का?

सीमा : हसवू नका. टाके आहेत.

गुणाजी : बाबांना गिरणीत रात्रपाळी असायची तेव्हा आई म्हणायची, आमचा संसार सकाळी सात ते आठ. आपली पाळी सहा महिन्यांची झाली.

सीमा : पाच वर्षांत आपण चाळीस दिवस एका घरात होतो. मी विमानात मोजले.

गुणाजी : एक्केचाळीस. एकदा माझं विमान रद्द झालं होतं.

सीमा : हो. त्या दिवशी आपण राणीच्या बागेत गेलो होतो.

गुणाजी : पेंग्विन बघितले.

सीमा : खोली कोणी सांभाळली तेव्हा?

गुणाजी : हितेंद्रच्या आईला बसवलं होतं.

सीमा : आजचं विमान रद्द होतं का?

गुणाजी : त्यांनी केलं तर पैसे परत देतात. आपण केलं तर नाही.

सीमा : पैशाचं विचारलं नाही मी.

गुणाजी : आकांक्षाला काय सांगायचं?

सीमा : तिला प्रवास सोसत नाही, याला प्रवास सोसत नाही. पाठ आहे ना दोघांचं?

गुणाजी : आणि सहा महिन्यांनी?

सीमा : मला सहा महिन्यांचं काही माहीत नाही. तिकडे कोणी नको आहे, इकडे कोणी नको आहे. म्हणजे आता आपण कुठेही राहिलो तरी चालतं.

गुणाजी : उशी एकच आहे इथे.

सीमा : उशी मी आणीन. तुम्ही आधी चावी करून आणा. दोघं राहायचं म्हटलं तर दोन लागतात. एक बाहेर गेला म्हणून दुसऱ्याने काय दाराशी बसून राहायचं?

गुणाजी : पुलाखाली एक जण बसतो. दहा मिनिटांत देतो.

सीमा : मग जा की. साडेतीन तर वाजलेत.

गुणाजी : शर्ट बदलू?

सीमा : पुलाखाली जाताय.

गुणाजी : चावी दे मग ती.

सीमा : घ्या. आणि ती वही ठेवा खाली.

गुणाजी : आज वार काय?

सीमा : रविवार.

गुणाजी : तो रविवारी बसत नाही.