मंचाखालचे माठ

माझ्या धाकट्या मुलीचं लग्न झालं ते १९६३ साल. त्या उन्हाळ्यात खामगावच्या एस.टी. स्टँडवर अमडापूरच्या गाडीसाठी मी रांगेत होतो. पुढे एक बाई दोन कोरे माठ घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या गावचा गवंडी त्यांच्याशी वाद घालत होता.

"जनकावहिनी, माठ पाण्यासाठी असते. मंचाखाली पुरून ठेवाले नसते."

"मिस्तरी, मंच पोकळ ठेवा. आत तोंड वर करून माठ बसवा, वरून फळ्या ठोका. आवाज घुमते."

"कोनं सांगतलं?"

"माह्या सासऱ्यानं. चाळीस वर्सं जल्शात गायले ते, झाडाखाली, पटांगणात. आता गावात आपलं सभागृह होऊन राह्यलं, अन् त्याहिचा आवाज बसला."

"मंग कडूबाबाले भोंगा लावून द्या."

"लावून पाह्यला. गान्यापेक्षा खोकलाच मोठा ऐकू येते."

"वर टिन हाय. ते दणदणते, त्याचं काय?"

"टिनाखाली तुराट्याचे तट्टे बांधू. बायाहिनं पंधरा विणलेबी."

"मले इचाराच्या आधीच?"

"हाव. तुमी नाही म्हनान, माहीत होतं."

"अन् नाहीच घुमला आवाज तं?"

"तं मंच फोडू अन् पुन्हा बांधू. तुमीच बांधसान."

"कंडक्टर माठाचं तिकीट मागन, वहिनी."

"मंग एक तुमी मांडीवर घ्या."

सभागृह डिसेंबरात उघडलं. जनकावहिनींचे सासरे कडूबाबा तिथे भोंगा न लावता तीनदा गायले. ते १९६४च्या मार्च महिन्यात वारले.