आईच्या प्रार्थनेच्या वेळी घरात घुसलेल्या दोघांबाबत

माझे नाव वर नोंदले आहे. वसाहतीत मला 'बर्फवाले' म्हणतात. वय ४९ वर्षे, धंदा नोकरी, शीतगृहात दरवाज्यावरचा मुकादम. राहणार गोदामामागची वसाहत, तळमजला, कोपऱ्यातले घर. आज मी आपण होऊन ठाण्यात आलो आहे. कोणी पढवून पाठवलेले नाही. समक्ष सांगतो ते असे की,

माझ्या घरी मी, पत्नी, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि माझी आई असे चौघे राहतो. पत्नी घरीच शिवणकाम करते. आईचे वय ७८ असून ती वॉकर धरून चालते. दुपारी ती बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ खुर्चीवर प्रार्थनेला बसते. तेवढ्या वेळात ती कोणाशी बोलत नाही. आम्हीही त्या वेळी पाय न वाजवता चालतो. मी लहान असल्यापासून हे असेच आहे.

मध्यंतरी वसाहतीत दोन घरांत भरदिवसा अनोळखी माणसे घुसली आणि घरच्यांना मारहाण झाली. त्यावरून कमिटीने एक प्रशिक्षक बोलावला. तो पूर्वी कुठे तरी पहारेकरी होता म्हणे. त्याला सगळे 'कमांडो' म्हणू लागले आणि त्यालाही ते आवडले. सभागृहात त्याने शिकवले की माणूस घुसला की सगळ्यांनी आतल्या खोलीत पळायचे, कडी लावायची, फोन करायचा, मागे वळून बघायचे नाही. मी उठून विचारले, "माझी आई वॉकरवर आहे. तिचं काय?"

तो म्हणाला, "काका, आजींना कोण हात लावणार? राहू द्या त्यांना बाहेर. म्हातारी माणसं चोर सोडून देतात."

मागून कोणी तरी म्हणाले, "चोरालाही डोकं असतं." लोक हसले. आमचे सेक्रेटरीही हसले.

मी म्हणालो, "तुमची आई तुम्ही बाहेर ठेवा. माझी आत येणार." त्यानंतर मी त्या वर्गाला गेलो नाही.

घरच्यांना मी माझ्या कामाच्या पद्धतीने तयार केले. शीतगृहाचा दरवाजा बंद करण्याआधी मुकादम आतल्या प्रत्येकाला हाक मारतो आणि प्रत्येकाने 'आलो' म्हणून ओ द्यायची असते. एकाची जरी ओ आली नाही, तरी दरवाजा लावायचा नाही. माल खराब झाला तरी चालेल. घरातही तोच नियम केला. जो कडी लावेल त्याने हाक मारायची आणि घरात असलेल्या बाकी सगळ्यांची ओ आल्याशिवाय कडी सरकवायची नाही. रात्रीच्या जेवणानंतर आम्ही सराव करायचो. मुलगी म्हणायची, "बाबा, एवढी तयारी बघून चोर लाजून परत जाईल." आई वॉकर ठोकत आत यायची आणि ओरडायची, "आले रे बाबा, आहे अजून, नाव कापू नकोस." तिच्या प्रार्थनेच्या वेळी सराव करावा, असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास मी कामावर होतो. पुढची हकीकत मला पत्नीने आणि मुलीने सांगितली. सेक्रेटरींनी ती माझ्यासमोर नाकारलेली नाही. आई बाहेरच्या खोलीत प्रार्थनेला बसली होती. पत्नी शिवलेल्या कपड्यांना इस्त्री करत होती. दाराचे कुलूप बाहेरून किल्लीने उघडले गेले आणि तोंडाला फडके बांधलेले दोन इसम आत आले. ते कमांडो आणि सेक्रेटरी होते, हे त्या वेळी घरात कोणालाही माहीत नव्हते. प्रत्येक घराची एक जादा किल्ली सेक्रेटरींकडे असते. नळ फुटला, आग लागली तर दार उघडता यावे म्हणून ती विश्वासाने दिलेली आहे. तोंड बांधून घरात शिरण्यासाठी दिलेली नाही.

मुलगी व पत्नी आतल्या खोलीत पळाल्या. पत्नीच्या हातात इस्त्री तशीच राहिली होती, प्लग ओढला जाऊन निघाला. कडीला हात घालून तिने हाक मारली. मुलीने ओ दिली. आईने दिली नाही. पत्नीने पुन्हा हाक मारली, "आई, आलात का?" तरीही ओ नाही. मग तिने मुलीला सांगितले, "तू फोन कर," आणि कडी न लावता ती बाहेर आली. त्या वेळी कमांडो आईचा दंड धरून तिला खुर्चीवरून ओढत होता. ओलीस धरल्याचे दाखवायचे होते, असे तो आता सांगतो. कमांडोने ओढल्यामुळे आई पडली आणि त्यानंतर माझ्या पत्नीने त्याला इस्त्रीने मारले. इस्त्री त्याच्या मनगटावर बसली. मग त्याने तोंडावरचे फडके काढले आणि तो ओरडला, "वहिनी, मी आहे, चाचणी आहे ही!"

आई खाली विव्हळत होती. ती पडलेली असताना सेक्रेटरी माझ्या मुलीला म्हणाले, "तुमचं घर नापास. तुझ्या आईने बाहेर यायला नको होतं." हे वाक्य मुलीने मला तीनदा सांगितले आहे. ते जसेच्या तसे लिहून घ्यावे अशी मी विनंती केली.

मुलीने लावलेल्या फोनवरूनच पोलीस आले. आईच्या खुब्याचे हाड मोडले असून शस्त्रक्रिया व्हायची आहे. कमांडोचे मनगट मोडले आहे व हात भाजला आहे. त्याने माझ्या पत्नीविरुद्ध तक्रार दिली असून, तिने मारल्यामुळे झालेल्या गडबडीत आई पडली, असे त्यात म्हटले आहे. हे खोटे आहे.

दवाखान्यात आई मला म्हणाली, "मला हाक ऐकू आली होती रे. देव थांबला असता, मीच ओ दिली नाही. सुनेला काही बोलू नकोस." जन्मभर ज्याच्यापुढे बसली त्याच्याकडे ती आता पडल्या पडल्या माफी मागते आहे. मी सहसा कोणाचे वाईट चिंतत नाही. या दोघांसाठी मात्र माझ्या तोंडून प्रार्थना निघत नाही. हे जबाबात बसत नसेल तर वगळावे, असे मी म्हणालो. जबाब घेणाऱ्या साहेबांनी वगळले नाही.

काल सेक्रेटरी घरी आले. म्हणाले, "कमांडोने वहिनींवरची तक्रार मागे घ्यायची, तुम्ही आमच्यावरची द्यायची नाही. विषय संपला. शेवटी तुमच्याच भल्यासाठी केलं ना?" पत्नी म्हणाली, "भाऊजी, सासूबाई चालायला लागल्या की विषय संपेल. तोवर ती किल्ली इथे ठेवा." त्यांनी किल्ली ठेवली. आम्ही त्यांना पाणी विचारले नाही. आमच्या घरात असे प्रथमच घडले. माझी दोघांविरुद्ध तक्रार आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात 'चाचणीदरम्यान झालेल्या झटापटीत आई पडली' असे वाक्य आले होते. मी तसे बोललो नव्हतो. ते खोडून 'कमांडोने ओढल्यामुळे आई पडली आणि त्यानंतर माझ्या पत्नीने त्याला इस्त्रीने मारले' असे लिहावे, असे मी सांगितले. साहेब म्हणाले, "विचार करा, यात तिने मारल्याचं तुम्हीच सांगताय." मी बाहेर बाकावर बसलेल्या पत्नीला जाऊन विचारले. ती म्हणाली, "मारलंच आहे. लिहा." त्याप्रमाणे दुरुस्ती केली, त्या दुरुस्तीशेजारी मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच असून खरे आहे.