हिवाळा यादीत नव्हता

नाही नाही, भरून देते ना, कागदाला कुठे नाही म्हटलं मी – आधी बसा तर खरं. त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय डुगडुगतो, तिच्यात आम्ही फक्त साहेब लोकांना बसवतो. हां, इथे. विक्री विभागात नवे ना तुम्ही? वाटलंच. जुने असता तर कागद दाराखालून सरकवून पळाला असता. 'खेळणाऱ्यांना कशाची सर्वांत जास्त उणीव भासेल, ते क्रमाने लिहा' – अहो, पाठ आहे मला हे वाक्य. चौथ्या भागासाठी ना? चौथा! आणि मी पहिल्या भागापासून याच खोलीत – सोळा वर्षं पगार घेऊन गेम खेळते आणि चुका काढते. आई म्हणायची, नुसत्या चुका काढणाऱ्या बाईशी लग्न कोण करणार? कुणी नाही केलं. म्हणजे आई ही माझ्यापेक्षा बरी टेस्टर.

तर दुसऱ्या भागाच्या वेळी हाच कागद आला. मी इतकी खूश – म्हटलं, अखेर कुणीतरी विचारलं! आठवडाभर बसून लिहिलं, जेवायला उठले नाही. नद्यांवरचे पूल, राजघराण्यांच्या सोयरिकी, हेर, तह – प्रत्येकापुढे कारण, आणि खाली लाल रेघ, 'याला हात लावू नये'. दुसरा भाग आला – पूल नाहीत. सोयरिकी नाहीत. तह नाही, म्हणजे लढाई सुरू करायची, थांबवायची सोयच नाही! मी धावत वर गेले, तुमच्या आधीच्या साहेबांना म्हटलं, अहो, घोटाळा झालाय, माझी यादी कुणीतरी उलटी वाचली. ते म्हणाले, सुलटीच वाचली, बाई. फार उपयोग झाला. – आणि मग चार महिन्यांनी पूल आले, वेगळे विकत. मग सोयरिकी. पुरवण्या! परीक्षेत पुरवणी मागितली की फुकट मिळायची हो, आणि वर दोराही. त्या सोयरिकींच्या जाहिरातीत काय छापलं होतं माहितीये? 'सोयरिकीशिवाय राज्य म्हणजे नुसता नकाशा.' माझं वाक्य. सगळं कापल्यावर मी वर तक्रार पाठवली होती, तिच्यातलं. मी रागाने लिहिलं होतं ते. हसा, हसा, मीही हसले होते.

पहिले आठ नंबर कापले होते त्यांनी. नववा हिवाळा होता, म्हणून वाचला. हिवाळा आठवतो? नाही, तुम्ही तिसराच भाग खेळला असाल. अहो, बर्फ पडायला लागला की सगळी सैन्यं आपोआप घरी परत जायची. आपली, शत्रूची, सगळी. मग पाच मिनिटं काहीच करता यायचं नाही – घरांतून धूर निघतोय, कुणी लाकडं फोडतंय, कुत्री अंगणात झोपलीयत – बस, बघत बसायचं. तक्रारी यायच्या, 'गेम अडकला' म्हणून! आणि आमचा दादा – माझा थोरला भाऊ, तीस वर्षं बस चालवली, आता पाठ गेली म्हणून घरी बसून असतो – तो त्यासाठीच खेळायचा. लढता काडीचं येत नाही त्याला. राजधानी घालवतो आणि वर विचारतो, बर्फ कधी पडणार गं? पडला की खुर्ची मागे टेकवायची, चष्मा काढायचा. म्हणायचा, आता कुणाला कुठे पोचवायचं नाही.

मग तिसऱ्या भागाचा कागद आला. आता मी शहाणी! ज्याचं नाव घेतलं ते गेलं ना, मग नावच घ्यायचं नाही. यादीत तोफा लिहिल्या, झेंडे लिहिले, ज्यांची मला शून्य किंमत ते सगळं लिहिलं. हिवाळा नाही लिहिला. लपवला – लहान मुलं खाऊ उशीखाली लपवतात तसा. आणि वर त्यांनी काय केलं? माझ्या कागदावर जे नव्हतं, त्याची 'कुणालाच उणीव भासणार नाही' अशी वेगळी यादी केली, आणि ते सगळं पुसूनच टाकलं. कुलूप लावून ठेवलं नाही हो. पुसलं. बारा महिने लढाई.

दादाला हे माहीत नाही. त्याला वाटतं, पुरवणीत येईल. आली की पहिल्या दिवशी घेतो, नकाशाच्या टोकापर्यंत जातो – उत्तरेला असेल गं, मी अजून पोचलो नाही. मी म्हणते, असेल दादा. काय सांगू? की तूच शिकवलेल्या बहिणीने – आज तिसरी पुरवणी आली. सकाळपासून खेळत असेल.

म्हणून म्हटलं तुम्हाला बसा. या कागदावर मी पहिल्या नंबरला हिवाळा लिहिते. मोठ्या अक्षरांत. विका की! मीच सांगते, विका, हवं तर दोनदा विका, आम्ही घेऊ – काय? – आहे त्यातलंच लिहायचं. नाही त्याची उणीव कशी भासणार. बरोबर. आणि नव्याने करायचा तर किती जणांनी मागितलाय ते... एकाने. हो. त्यानेही कंपनीकडे नाही, माझ्याकडेच.

द्या इकडे. झेंडे. तोफा. पूल पुन्हा लिहू का? लिहिते, तुमचं कामही व्हायला हवं. ही घ्या सही.

फोन माझाच आहे. वाजू दे, दादाच असणार, उत्तरेला पोचला असेल. तुम्ही निघा आता – आणि दार ओढून घ्या जाताना, ते आपणहून लागत नाही.